बाबांच्या घड्याळातले सव्वादहा

सोरिया,
रविवार, २२ फेब्रुवारी १९८७

ती. कासिल्दाताईस,
धाकट्या रेमेचा कृ. सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण तुझ्या बारमधला फोन उचलला की पत्त्यांचे डाव थांबतात आणि अर्धं आतिएन्सा आपलं बोलणं ऐकत बसतं. त्यापेक्षा पत्र बरं. निदान ते तू एकटी वाचशील.

आज क्लबबरोबर कालातान्यासोरला जाऊन आले. जाताना वारा पाठीशी होता, त्यामुळे सगळेच पुरुष आपण फार मोठे सायकलपटू असल्यासारखे गप्पा मारत होते. गावातल्या दगडी चढावर मात्र एकेकाची बोलती बंद झाली. चढ इतका उभा आणि दगड इतके गुळगुळीत की शेवटी सगळ्यांनी उतरून सायकली हातात धरल्या. मी उतरले नाही. बारा पुरुषांत एकटी बाई असल्यावर उतरायची सोय राहत नाही, हे मी तीन वर्षांत शिकले. परत येताना तोच वारा तोंडावर आला आणि पन्नास मीटर पुढे जायला जन्म जातो की काय असं वाटलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी हे काय खूळ, असं नवरोबा हुलियान रोज म्हणतो, पण चेनला तेल तोच घालतो.

आता खरी बातमी. एकोणतीस मार्चला क्लबची वर्षातली पहिली लांबची फेरी आहे, एकशे नव्वद किलोमीटरची. सोरियाहून आल्मासान, तिथून बाराओनाचं पठार, मग आतिएन्सा, बेर्लांगा आणि परत सोरिया. आतिएन्साचा टप्पा कुठे ठेवायचा असं आमचे सेक्रेटरी आन्सेल्मो विचारत होते. मी तुझ्या बारचं नाव सुचवलं आणि ते मान्यही झालं. काम सोपं आहे. प्रत्येकाकडे एक कार्ड असतं, त्यावर तू बारचा शिक्का मारायचा आणि वेळ लिहायची. फक्त एक नियम लक्षात ठेव, म्हणून खाली रेघ मारते आहे. <u>अकराच्या आधीची वेळ पडली की कार्ड बाद.</u> इतक्या लवकर पोचलेला माणूस मोटारीतून आला असं धरतात.

बाबा कसे आहेत? माझी आठवण काढतात का? त्यांना सांग, त्यांची रेमे सायकलवरून येते आहे.

तुझा लोभ आहेच. तो कधी दाखवलास तर चालेल.

तुझी,
रेमे

•

आतिएन्सा,
८ मार्च १९८७

चि. सौ. रेमे हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. शिक्का मारीन. शिक्का मारायला माझं काही जात नाही.

बाबा तुझी आठवण काढतात का म्हणून विचारलंस. दुसरं काय करतात ते विचार. सकाळी मी त्यांना उठवते, दाढी करते, पायमोजे चढवते, आणि पायमोजे चढवून होत नाहीत तोच ते विचारतात, रेमे आली का. लसणीचं सूप पुढे ठेवलं की रेमे आली का. दार वाजलं की रेमे. परवा सूप संपवून त्यांनी मला अदबीनं सांगितलं की सूप छान होतं मालकीणबाई, आमच्या घरी माझी मुलगीही असंच करते. मी विचारलं, कोणती मुलगी. तर म्हणाले, रेमे. तुला आयुष्यात अंडं उकडता आलं नाही, रेमे. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते उगाच नाही. मी इथे रोज आहे, म्हणून मी नाहीच.

तुझं कालातान्यासोर वाचलं. आल्मासान, बेर्लांगा, एल बुर्गो, दर रविवारी नवीन गाव. सोरियाहून इथे पंचाऐंशी किलोमीटर. वर्षाला तू हजारो किलोमीटर पायडल मारतेस आणि बापाकडे येतेस दोनदा, तेही क्लबचा टप्पा असला तर. मनात ठेवून जळण्यापेक्षा लिहून टाकते. मला तुझा हेवा वाटतो. वारा तोंडावर आला अशी तक्रार करतेस ना, मला त्या तक्रारीचासुद्धा हेवा वाटतो.

तू तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होतीस, तुला आठवणार नाही. बाबांच्या टपालाच्या फेरीत बारा वर्षांची मी होते. पुढे ते, मागे त्यांच्या जुन्या सायकलवर मी. इमोनच्या मिठागरांपर्यंत, आल्कोलेआपर्यंत. हिवाळ्यात बोटं गारठली की ते सायकल थांबवायचे, माझे हात हातात घ्यायचे आणि फुंकर घालायचे. मग चौदाव्या वर्षी पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलं की सायकलवर बसणारी मुलगी गावाची अब्रू घालवते. आईनं त्याच संध्याकाळी माझी सायकल कोठारातल्या खुंटीला टांगली. सात वर्षांनी तू चौदाची झालीस तेव्हा तीच सायकल खुंटीवरून काढून तुला दिली, आणि त्याच पाद्रीबाबांनी तुला चढावर ढकलून मदत केली. काळ बदलला म्हणे. माझ्यासाठी सात वर्षं आधी बदलला असता तर काय बिघडलं असतं?

असो. बाबांचं घड्याळ अजून कॉफीच्या मशीनच्या वर भिंतीला टांगलेलं आहे. सरकार दर मार्चमध्ये सगळ्या देशाची घड्याळं तासभर पुढे ढकलतं, पण त्यांच्या घड्याळाला कुणी हात लावायचा नाही. माझा चेहरा विसरले, घड्याळाला चावी द्यायला विसरत नाहीत. गावातले सगळे म्हातारे उन्हाळाभर हे जुन्या वेळेचं घड्याळ बघून औषधं घेतात. मी आपलं मनगटावरचं बघते.

ये. सूप ठेवीन.

माया आहे तेवढी आहे, मापून बघू नये.

तुझी ताई,
कासिल्दा

•

सोरिया,
९ एप्रिल १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी आले त्या दिवसापासून लिहीन लिहीन म्हणत होते. आधी गोड लिहिते, मग कडू.

ताई, तो अर्धा तास मी विसरणार नाही. बाराओनाला सगळे पुरुष रिवाजाप्रमाणे दहा वाजता अंडी आणि तळलेलं डुकराचं मांस खायला थांबले. तिथं एकदा बसले की ते तासभर उठत नाहीत. मी थांबले नाही. बाबांना आधी एकटीला भेटायचं होतं. पठारावर वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. मग लांबवर आतिएन्साचा किल्ला दिसला, तो दिसल्यापासून जवळ यायला कितीतरी वेळ लागतो हे तुला माहीत आहेच. दारात पोचले तेव्हा बोटं ब्रेकवरून सुटत नव्हती. आणि बाबांनी मला ओळखलं. रेमे म्हणाले, हात धरले आणि फुंकर घातली. मला रडू आलं. तुझ्या सुपाला मीठ कमी आहे की माझे अश्रू पडले म्हणून बरोबर झालं, तेही कळलं नाही.

आता कडू. गेल्या आठवड्यात आन्सेल्मोंनी माझं कार्ड बाद केलं. आतिएन्साच्या शिक्क्याखाली सव्वादहा लिहिलं आहे. मी सव्वाअकराला आले होते. कार्ड तू घडी घालून दिलंस, मी न बघता खिशात टाकलं. पुरुष बाराओनाला आत जेवत होते, त्यामुळे मला पुढे जाताना कुणी पाहिलं नाही. आता क्लबात कुजबूज आहे की हुलियाननं मला मोटारीतून सोडलं. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण परवा एकानं हुलियानला विचारलं की तुमच्या गाडीच्या टपावर सायकल मावते का. तीन वर्षं मी या लोकांच्या मागे चढ चढले, आणि एका आकड्यानं मी लबाड झाले.

बाबांच्या घड्याळाचा घोळ झाला, हे मला लगेच कळलं. त्याच दिवशी तर वेळ बदलली होती. तेव्हा तू आन्सेल्मोंना दोन ओळी लिही, मी तुझ्यावर रागावलेली नाही.

पण घाई कर. का ते तुला गुपित म्हणून सांगणार नव्हते, आता सांगते. आमच्या क्लबात रिवाज आहे की वर्षातल्या चारही लांबच्या फेऱ्या जो पहिल्यांदा पुऱ्या करतो, त्यानं सप्टेंबरच्या फेरीचा रस्ता ठरवायचा. यंदा अशी मी एकटीच आहे. मला बाबांच्या टपालाची फेरी लावायची आहे. आतिएन्सा, आल्कोलेआ, इमोन आणि परत आतिएन्सा, चोपन्न किलोमीटर. तिला त्यांचं नाव द्यायचं आणि त्यांच्याच हातून सुरुवात करायची, ते आपल्याला ओळखतात तोवर. पुढच्या वर्षापर्यंत ते थांबतील असं तू छातीवर हात ठेवून सांगू शकतेस का?

एक कार्ड बाद म्हणजे वर्ष बाद. तुझ्या दोन ओळींची वाट बघते.

तुझी,
रेमे

•

आतिएन्सा,
१३ एप्रिल १९८७

चि. रेमे हिस अ. आ.

तू म्हणतेस तसंच झालं असणार. घड्याळ भिंतीवर, मी खाली, गर्दी होती, कॉफी उतू जात होती. बाबांनी घड्याळाला हात लावू दिला नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे. हवं तर औषधवाल्याला विचारा. आन्सेल्मोंना तसं लिहिते आहे. म्हाताऱ्या माणसाच्या घड्याळावर कोण रागावणार.

पवित्र सप्ताह असल्यामुळे बारमध्ये मरणाचं काम आहे, म्हणून इतकंच.

कासिल्दा

•

सोरिया,
२० एप्रिल १९८७

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र आन्सेल्मोंना मिळालं. त्यांनी तेराही कार्डं टेबलावर मांडली. बाकीच्या बाराजणांच्या कार्डांवर बारा, बारा पाच, बारा दहा असं लिहिलेलं आहे. सगळं तुझ्याच अक्षरात आणि नव्या वेळेप्रमाणे बरोबर. ते म्हणाले की घड्याळ एकाला फसवतं आणि बाराजणांना फसवत नाही, असं घड्याळ त्यांनी पाहिलेलं नाही.

आणि गर्दी नव्हती, ताई. मी आले तेव्हा बारमध्ये तू, मी आणि बाबा होतो.

मी उत्तर शोधते आहे आणि मला ते सापडू नये असं वाटतं. तूच सांग.

रेमे

•

आतिएन्सा,
२६ एप्रिल १९८७

चि. रेमे हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण वडीलकीच्या नात्यानं लिहिते. अ. आ.

मी जाणूनबुजून केलं.

आधीचं पत्र खोटं होतं. स्वतःचं पाप मी बापाच्या घड्याळावर ढकललं आणि तो बाप शेजारच्या खोलीत झोपला होता. त्याची लाज मला सव्वादहापेक्षा जास्त वाटते.

कसं झालं ते सांगते. सवय झाली होती मला त्यांच्या रेमे आली का-ची. रोज मनाशी म्हणायचे, असू दे, त्यांचं डोकं थाऱ्यावर नाही, ते तुलाही ओळखणार नाहीत. खरं सांगू, तू आलीस की ते तुलाही मालकीणबाई म्हणतील आणि मग आपण दोघी सारख्या होऊ, अशी मी वाट बघत होते. तू दारात आलीस आणि ते खुर्चीतून उठले. माझ्या मदतीशिवाय उठले. तुझं नाव घेतलं. मग तुझे हात धरून फुंकर घातली.

ती फुंकर माझी होती, रेमे. तू कार्ड दिलंस ते घेऊन मी काउंटरमागे गेले. मनगटावर सव्वाअकरा, भिंतीवर सव्वादहा. तुझी रेघ मारलेली ओळ मला पाठ होती. चुकून लिहिलं असतं तर पेन थांबलं नसतं. माझं पेन थांबलं, मी दोन्ही घड्याळं पाहिली आणि मग लिहिलं. घडी घातली ती तुला दिसू नये म्हणूनच. तुला लबाड ठरवतील इतका पुढचा विचार केला नव्हता. तुझं काहीतरी बिघडावं एवढंच हवं होतं. पुरुष आल्यावर त्यांच्या कार्डांवर मात्र मनगटावरचीच वेळ लिहिली.

बाबांच्या फेरीचं मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर केलं नसतं, असं लिहिणार होते. पण शपथेवर सांगता येत नाही. त्या मिनिटाला मला कुणाचंच भलं नको होतं.

सोबत आन्सेल्मोंना लिहिलेल्या पत्राची नक्कल आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की रेमेदिओस सव्वाअकराला आली, मी तिच्याबद्दलच्या मत्सरापोटी खोटी वेळ लिहिली, आणि हवं तर क्लबपुढे उभी राहून सांगेन. पत्र बारमध्ये सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून मगच पेटीत टाकलं, म्हणजे मागे फिरायला जागा राहू नये. पत्त्यांचा डाव थांबला होता. दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी कॉफीपायी सगळे आले.

उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन.

कासिल्दा

•

सोरिया,
२१ जून १९८७

ती. कासिल्दाताईस,
रीत म्हणून सा. न.

दोन महिने मुद्दामच लिहिलं नाही. तीनदा लिहायला बसले आणि तीनही पत्रं पोस्टात घालण्यासारखी नव्हती.

आन्सेल्मोंनी कार्ड मंजूर केलं. तुझं पत्र त्यांनी सभेत वाचलं. मोटारीचं विचारणारा उठून माझ्याशी हस्तांदोलन करायला आला, मी केलं नाही. काल चौथी फेरी पुरी झाली. सप्टेंबरचा रस्ता माझा आहे. दिवसही मीच मागून घेतला. सत्तावीस तारीख, रविवार. त्या पहाटे सरकार सगळ्या देशाची घड्याळं तासभर मागे घेतं आणि देश बाबांच्या वेळेवर परत येतो. त्या दिवशी तुझ्या भिंतीवर आणि मनगटावर एकच वेळ असेल. मुद्दाम चुकायचं म्हटलंस तरी चुकता येणार नाही.

राग गेलेला नाही. गेला असं लिहिलं तर आपल्या दोघींत खोटं लिहिणाऱ्या दोन होतील.

आता माझी अट. त्या दिवशी फेरीत मी नसेन, तू असशील. माझी सायकल घे, तुझ्या मापाची सीट हुलियान करून देईल. पत्रापत्रातून तू मला ऐकवतेस की घरी राहणं काय असतं ते मला कळत नाही. ठीक आहे, मी राहते घरी. दाढी करते, पायमोजे चढवते, सूप करते. आणि तू चोपन्न किलोमीटर सीटवर बसून बघ, हे सुख कुठेकुठे दुखतं ते. कोण कुणावर जळायचं ते मग ठरवू.

सायकल हुलियान शनिवारी आणून देईल. तीन महिने आहेत. सराव कर.

रेमे

•

आतिएन्सा,
२३ ऑगस्ट १९८७

चि. सौ. रेमे हिस,
अ. उ. आ. वि. वि.

अट पाळते आहे. तपशील लिहिते, तुला आनंद होईल.

पहिल्या दिवशी चौकातच पडले. दुसऱ्या दिवशी चौकाच्या बाहेर पडले, म्हणजे प्रगती आहे. एकावन्नाव्या वर्षी गुडघा फोडून घेतलेली बाई बघायला पोरंटोरं दगडी बाकावर आधीपासून जागा धरून बसतात. गेल्या आठवड्यात आल्कोलेआपर्यंत गेले आणि तिथून सायकल ढकलत परत आले. बसायच्या जागेबद्दल लिहीत नाही, पत्र घरात कुणाच्याही हाती पडतं. तुम्ही लोक हे हौसेनं करता?

पण एक सांगते आणि मग तो विषय बंद. आल्कोलेआच्या अलीकडच्या उतारावर मी ब्रेक सोडले. सदतीस वर्षांनी. डोक्यावरचा रुमाल उडाला, तो आणायला मी थांबले नाही.

शेजारीण तासभर बाबांजवळ बसते. मी परत आले की ते विचारतात, रेमे आली का. मी सांगते, तिची सायकल आली.

तुझ्या रागाला उतार मिळो. आशीर्वाद आहेतच.

ताई

•

सोरिया,
३० सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. आज रीत म्हणून नव्हे.

रविवारी निघताना दारात चारचौघांसमोर बोलता आलं नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते तोंडानं सांगितलं असतं तर तू थट्टा समजली असतीस. तुला जे दिसलं ते एवढंच, की तू शेवटची आलीस, बाबांनी कार्डावर शिक्का मारला, दोन वाजायला वीस असं लिहिलं, आणि भर उन्हात तापलेले तुझे हात धरून त्यावर फुंकर घातली. त्याआधी बारमध्ये काय झालं ते तुला माहीत नाही. ते माझ्यापाशी ठेवून घ्यायचा मोह झाला होता. तीन दिवस ठेवूनही बघितलं.

सकाळी नऊला त्यांनी रुमाल हलवून तुम्हा सगळ्यांना सोडलं. आत येऊन मी त्यांना टेबलाशी बसवलं, समोर शिक्का, शाई आणि सरावाला कोरे कागद ठेवले. वाटलं होतं, मुलाच्या हाती खेळणं द्यावं तसं होईल. पण ताई, त्यांच्या हाताला सगळं आठवतं. एक ठोका शाईवर, एक ठोका कागदावर, मग मान वर करून घड्याळ बघायचं आणि टपाल कचेरीतल्या त्या जुन्या वळणाच्या आकड्यांत वेळ लिहायची. पुढे पहिला सायकलवाला आला तेव्हा त्याचं कार्ड त्यांनी आधी नीट सरळ केलं आणि पत्ता कुठे आहे असं विचारलं. आन्सेल्मो माझ्या शेजारी उभे होते, ते खिडकीकडे तोंड करून बराच वेळ चष्मा पुसत होते.

पण हे नाही सांगायचं. साडेनऊला बाबांनी मला विचारलं की आपण कोण. मी म्हटलं, मी रेमे. ते म्हणाले, बरं, बसा. आणि मग विचारलं, कासिल्दा कुठे आहे.

मला वाटलं, मी चुकून ऐकलं. पाच मिनिटांनी पुन्हा, कासिल्दा आली का. दार वाजलं की कासिल्दा. मी सांगितलं, फेरीवर गेली आहे. तर म्हणाले, एकटीला कशाला पाठवलं, इमोनच्या वळणावर वाळू असते, पोरगी अजून बारा वर्षांची आहे. मी सूप पुढे ठेवलं. एक घोट घेऊन त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, कासिल्दा करते तसं नाही. दाढी करायला गेले तर हात धरून ठेवला, कासिल्दा करील म्हणाले. तीस वेळा मोजलं, मग मोजणं सोडलं. बारापर्यंत सगळे सायकलवाले आले, शिक्के झाले, पुरुष चौकात जेवायला गेले. बाबा टेबलावरून उठायला तयार नाहीत. जेवले नाहीत. शिक्का हातातून सोडला नाही. मी त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसले होते आणि ते माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

ताई, मी जळले. अशी जळले की तुझं कार्ड तेव्हा माझ्या हाती असतं तर मी त्यावर काय लिहिलं असतं देव जाणे. आणि मग मला कळलं की मी ज्याच्यावर पाच महिने रागावले होते ते काय होतं. त्यांना आठवते ती मी नव्हे आणि तूही नव्हेस. जी घरात नाही ती त्यांना आठवते. तू कधी घराबाहेर गेलीच नाहीस, म्हणून तुझी वाट बघायची संधी त्यांना मिळाली नव्हती.

राग संपला. सायकल तुझ्याकडेच राहू दे. हुलियान मला दुसरी घ्यायला कुरकुरत तयार झाला आहे.

लोभ मागायचा हक्क या वेळी मला आहे असं वाटतं. तेवढा पाठव.

तुझी धाकटी,
रेमे

•

आतिएन्सा,
११ ऑक्टोबर १९८७

चि. सौ. रेमे हिस,
पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र सहा वेळा वाचलं. सातव्यांदा वाचायला चष्मा सापडेना, कारण तो डोळ्यांवर होता आणि ओला होता.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी सूप पुढे ठेवलं तर बाबांनी विचारलं, रेमे आली का. पुन्हा तेच सुरू आहे. दुखत नाही असं लिहिणार नाही, खोटं लिहायचं मी सोडलं आहे. पण आता मी शेजारी बसते आणि सांगते की फेरीवर गेली आहे, येईल. मग आम्ही दोघं मिळून दाराकडे बघतो. ते तुझ्यासाठी बघतात. मी आपली रस्ता बघते.

माझं कार्ड घड्याळाच्या काचेत अडकवलं आहे. दोन वाजायला वीस. हिवाळाभर माझ्या मनगटाचं आणि भिंतीचं भांडण नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशीच ये आणि राहा. सूप मी करून ठेवीन, तू नुसतं गरम कर. मला पुन्हा एक दिवस घरी नसायचं आहे.

तुझीच,
ताई